आपत्काळातील उपासना

सन २०२० च्या मार्च महिन्यात महामारीच्या भयाने सरकारी हुकूम सुटले आणि देवळे, मशिदी, विहार व चर्चे या सर्वांनाच कुलपे लागली, तेव्हा त्या कुलपांचा भार सर्वांवर सारखाच पडला असे वरवर पाहणाऱ्यास वाटावे. आणि ज्या वर्षी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुकांनाही एस.टी.च्या गाडीतून पंढरपूर गाठावे लागले, त्या वर्षी एखाद्या लहानशा समाजाने आपलेच गाऱ्हाणे मोठे करून सांगणे शोभणारेही नव्हते. तथापि संख्येचा प्रश्न असा सहजासहजी बाजूला सारता येत नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत ख्रिस्ती कुटुंबे इतकी विरळ विखुरलेली आहेत की, ज्यांच्या आळीत दुसरे ख्रिस्ती घर नाही आणि ज्यांच्या मुलांच्या वर्गात दुसरे ख्रिस्ती मूल नाही, अशांना आपण एका मंडळीचे घटक आहोत याची प्रचीती रविवारच्या उपासनेवाचून अन्यत्र कोठेही येत नाही. वारकऱ्याची वारी चुकली तरी त्याच्या भोवतालचे गाव वारकऱ्यांचेच असते. येथे रविवार चुकला की भोवताली काहीच उरत नाही. त्या वर्षी १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा रविवार हे दोन्ही दिवस बंद दारांआड गेले.

या गोष्टीवरून जुन्नरातील एका घरी मामा-भाच्यांत जो वाद झाला, तो ऐकण्याचा योग मला आला, आणि त्यातील उभय पक्षांचे म्हणणे व्यक्तिगत तपशील गाळून येथे मांडावे असे वाटले. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मिशनच्या शाळेतील मास्तरांचे चिरंजीव, बोलण्यात सावकाश आणि मतात चिवट. भाचा चाकणच्या एका कारखान्यात अभियंता. बिऱ्हाड मंचरला, आणि स्वभाव असा की प्रत्येक रूढीला तिचा दाखला विचारल्याशिवाय तो पुढे जाऊ द्यायचा नाही.

भाच्याने प्रारंभ केला तो असा. "मामा, कुलूप दाराला लागले, विश्वासाला नव्हे. त्या सात-आठ महिन्यांत मी मोबाइलवर जितकी प्रवचने ऐकली तितकी त्याआधीच्या सात वर्षांत ऐकली नसतील. मग इमारतीवर एवढी ममता कशाला? आपल्या शेजारच्या तालुक्याचेच पाहा. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. म्हणून तालुका बुडाला काय? नाव चालू आहे, माणसे आहेत, संसार आहेत. तसाच विश्वास. त्याला गावठाण लागत नाही."

"तालुका बुडाला नाही खरा," मामा म्हणाले, "कारण तालुक्याला घोडेगावात कचेरी आहे, कचेरीत दप्तर आहे, आणि सोमवारी सकाळी ठरल्या वेळी ते दप्तर उघडते. तुझ्या विश्वासाचे दप्तर कोणत्या दिवशी उघडते ते सांग. अंतःकरणात, असे म्हणशील, तर अंतःकरणासारखा गैरहजर कारकून मी पाहिलेला नाही. आणि विटांच्या ममतेचे म्हणशील, तर जुन्नरात जन्म काढलेल्या माणसाला दगड-विटांचे भवितव्य शिकवू नकोस. या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. इरिल नावाच्या यवनाने येथे पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. दूर देशाच्या त्या दात्यांची नावे कातळावर अजून वाचता येतात. दानलेख राहिला, मंडप राहिला, जेवणारे भिक्षू मात्र नाहीत. लेण्याद्रीच्या विहारात आज गिरिजात्मज बसला आहे. दगडाने उपासना टिकत नाही, हे मला त्या डोंगराने केव्हाच सांगितले. पण त्या भिक्षूंची अंतःकरणे एका रात्रीत रिकामी झाली असेही मला वाटत नाही. उपोसथाला, म्हणजे त्यांच्या ठरल्या तिथीच्या धर्मसभेला, जमणारे आधी कमी झाले असतील, मग कोणीच जमले नसेल. श्रद्धा त्यानंतर गेली असेल. जमणे आधी सुटते, अरे, आणि मानणे मागून."

भाचा या उत्तराने गडबडला नाही. जमण्याचा एवढा गौरव चालला आहे, तर मुळात जमवले कोणी, हा त्याचा पुढचा प्रश्न होता आणि तो अप्रस्तुत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने नाशिक, मालेगाव यांप्रमाणे जुन्नरलाही ठाणे घातले. मिशनबरोबर पगारी उपदेशक आले, पगारी मास्तर आले, शाळा आणि अनाथाश्रम आले, आणि या सर्वांचा खर्च सातासमुद्रापलीकडील वर्गणीतून भागत राहिला. "१८७६ ते ७८ चा दुष्काळ घ्या, की १८९९-१९०० चा," भाचा म्हणाला. "अन्नछत्र आणि बाप्तिस्मा हातात हात घालून चालले, हे आपले शेजारी म्हणतात तेव्हा आपण रागावतो; पण नगरकडच्या मंडळ्यांची संख्या त्याच वर्षांत फुगली हे तरी नाकारता येते काय? मिशनचा हात आखडला तसतशा शाळा गेल्या, मास्तर गेले. तुमची नियमित उपासना ही नियमित पगाराची सावली होती, मामा."

मामांनी ही गोष्ट नाकारली नाही, आणि तेथेच त्यांच्याविषयीचा माझा आदर वाढला. कारण आपल्याकडील ख्रिस्ती लेखनात या प्रश्नाला बगल देण्याची अथवा त्यावर एकदम चिडून उठण्याची प्रथाच पडून गेली आहे. ते म्हणाले, "पोटासाठी आलेली माणसे होती. उपाशी माणसापुढे भाकरी ठेवणाऱ्याने अपराध केला असे मला म्हणवत नाही, आणि भाकरी खाऊन पाऊस पडल्यावर जो परत गेला त्यालाही मी नावे ठेवणार नाही. परंतु राहिला त्याचा हिशेब तू मांडलाच नाहीस. गावात ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या बलुत्यावर गदा येई, वतनाच्या वाट्यावर भाऊबंद हरकत घेत, सोयरीक तुटे. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये असा १८५० चा २१ वा कायदा होता. पण कायदा सरकारच्या पुस्तकात आणि पाटील गावच्या चावडीवर! पोटासाठीच राहायचे असते तर राहण्यासारखे त्यात काय होते? जो राहिला त्याने नफ्यातोट्याची वही मिटूनच ठेवली असली पाहिजे."

येथे मला मामांच्या बाजूने एक साक्ष काढावीशी वाटते, जी त्यांनी काढली नाही, कारण ती त्यांच्या पंथाची नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात संगमनेर-राहुरीकडील खेड्यांतून जर्मन जेज्वित पाद्र्यांनी कॅथलिक मंडळ्या उभ्या केल्या होत्या. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि इंग्रज सरकारच्या लेखी हे पाद्री शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले; पुण्याचे तत्कालीन बिशप हाइनरिख डोरिंग हे स्वतः जर्मनच होते. काहींना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले, पुढे बहुतेकांची मायदेशी रवानगी झाली, आणि वर्षानुवर्षांच्या घडणीचे ते मिशन पाहता पाहता बिनपाद्र्यांचे झाले. मिस्सा अर्पण करण्यास धर्मगुरूच लागतो. तेव्हा ज्या खेड्यांत तो महिनोन्महिने फिरकू शकला नाही तेथे मिस्सा झाला नाही, हे उघड आहे. परंतु खेड्यातील नित्य प्रार्थना पूर्वीपासूनच मास्तरांच्या हाती असे. शाळेची फळी पुसून, मुलांना घरी पाठवून, संध्याकाळी त्याच खोलीत जपमाळ सांगणारा हा अल्पवेतनी मनुष्य मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात जवळजवळ अनामिक राहिला आहे. बिशपांची चरित्रे निघतात, मिशनांचे शताब्दी-ग्रंथ निघतात. या मास्तरांचे नाव त्यांत एखाद्या यादीतसुद्धा सापडेल तर नशीब. मंडळ्या त्या काळातून पार झाल्या त्यात या माणसाचा वाटा मोठा होता, असे माझे मत आहे.

ही हकीकत मी सांगताच भाच्याने ती आपल्याच पदरात पाडून घेतली. "म्हणजे पाद्र्यावाचून अडले नाही! मी तरी दुसरे काय म्हणतो आहे? नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा केला, तो कशासाठी? बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असे दोघेही त्यात बसू शकत. मिशनच्या साच्याबाहेर ख्रिस्तभक्ती जगू शकते, हे आपल्या सर्वांत मोठ्या कवीने ओळखले होते. तुम्ही मात्र अजून घंटा आणि घड्याळ धरून बसला आहात."

"दरबार किती दिवस चालला?" मामांनी विचारले, आणि भाच्याला उत्तर सुचण्यापूर्वी स्वतःच पुढे म्हणाले, "९ मे १९१९ रोजी टिळक गेले. मिशन सोडल्यापासून पुरती दोन वर्षेही त्यांना मिळाली नाहीत. तो पुरुष आणखी वीस वर्षे जगता तर काय झाले असते, कोणी सांगावे. परंतु त्याच्यामागे दरबार टिकला नाही आणि त्याची गीते टिकली. का टिकली? ती 'उपासना-संगीत' या गीतपुस्तकात गेली म्हणून. दर रविवारी, सूर धड लागो न लागो, पेटीचा भाता फाटका असो की नसो, शंभर ठिकाणी ती म्हटली गेली म्हणून. ज्या साच्याला कंटाळून टिळक बाहेर पडले त्याच साच्याने त्यांना जिवंत ठेवले. यात टिळकांचा उपमर्द नाही. बी कणगीत राहते म्हणून पेरणीला सापडते; कणगी पिकत नाही हे मलाही ठाऊक आहे."

"आणि लक्ष्मीबाई?" भाचा म्हणाला. "टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे कोणी केले? कोणत्या सिनडने ठराव केला, कोणत्या मिशनने पगार दिला? शाळेचे तोंड न पाहिलेल्या एका विधवेने घरी बसून ओव्या रचल्या. आपल्याच जिल्ह्यात केडगावच्या मुक्तिसदनात, दुष्काळातून आणलेल्या बायकामुलींनी पंडिता रमाबाईंचे बायबलचे भाषांतर छापून काढले. ते १९२४ साली बाहेर पडले तेव्हा रमाबाई जाऊन दोन वर्षे झाली होती. आपत्काळात विश्वास राखला तो या बायकांनी, आणि त्यांतल्या एकीलाही त्या काळच्या तुमच्या मंडळीने वेदीजवळ उभे राहून उपासना चालवू दिली नसती."

हा घाव वर्मी बसला. मामांनी चष्मा काढला, पुसला, आणि ते एवढेच म्हणाले की हे खरे आहे. मला वाटते, वाद येथेच संपला असता तर भाचा जिंकला असता. परंतु जिंकणाऱ्याला थांबावे कोठे हे क्वचितच कळते. त्याने आणखी एक बाण काढला, जो सर्वांत तीक्ष्ण होता आणि ज्याने वादाची दिशा त्याच्या अपेक्षेपलीकडे वळली.

"उघडपणे जमा, ठरल्या वेळी जमा, असे तुम्ही म्हणता," तो म्हणाला, "त्याची किंमत कोण भरतो याचा विचार केला आहे काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचे हक्क हिंदूंपुरते ठेवले. १९५६ साली ते शिखांना मिळाले, १९९० साली बौद्धांना मिळाले. ख्रिस्ती झालेल्या महाराला किंवा मांगाला मात्र ते आजतागायत नाहीत. राज्याने त्याला इतर मागासवर्गात बसवले, एवढीच सोय. जणू बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघते आणि गावकरी ती लगेच विसरतात! याचा परिणाम काय, तो तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. कागदावर एक, घरात एक. दाखल्यावरची नोंद सांभाळायची आणि रात्री दिवा मंद करून प्रार्थना करायची. ज्या बाईचा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकतो आहे, तिने रविवारी हातात शास्त्र घेऊन भर पेठेतून यावे, असे तुम्ही तिला सांगू शकता काय?"

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही सांगू शकत. सांगणारही नाही. तिची परीक्षा घेण्याचा अधिकार मला कोणी दिला? मला निवृत्तिवेतन मिळते. उघड राहण्यात मला काही गमवायचे नाही. पण ठरलेली वेळ कोणासाठी असते, असे तुला वाटते? मी चालत पोहोचू शकतो. मला वेळ नसली तरी चालेल, मी केव्हाही जाईन. जिला येता येत नाही तिच्यासाठी ती वेळ आहे. रविवारी नऊ वाजता ती चुलीपुढे असो की कोणाच्या कांद्याच्या रानात मजुरीला असो, आता तेथे प्रभूची प्रार्थना चालली असेल हे तिला ठाऊक असते, आणि खुरपे न थांबवता ती मनात आपला आवाज त्यात मिसळू शकते. तू म्हणतोस तसे प्रत्येकाने आपापल्या सवडीने आपापल्या अंतःकरणात करायचे ठरवले, तर ही बाई एकटी पडेल. लपून राहणाऱ्याला उघड राहणाऱ्यांचा आधार लागतो, बाबा. उघड राहणारे दोघे-तिघे का असेनात, त्यांनी वेळ चुकवता कामा नये."

मग भाच्याने त्यांना विचारले की, २०२० च्या त्या महिन्यांत तुम्ही काय केले. मामांनी जे सांगितले ते असे: रविवारी नऊ वाजता स्वच्छ कपडे करून ते आणि मामी ओटीवर उभे राहत, उपासनाक्रम पहिल्या वाक्यापासून अखेरच्या आशीर्वचनापर्यंत मोठ्याने वाचत, पाळकाचा भाग एकाने आणि मंडळीचा भाग दुसऱ्याने, आणि दर आठवड्याला भूमिका बदलत. पापक्षमेची घोषणा आणि प्रभुभोजन हे विधी दीक्षित पाळकाचे. ते भाग आले की दोघेही मौन पाळीत आणि पुढे जात.

"मग तुमची उपासना घरातच झाली की!" भाचा हसून म्हणाला.

"घरात झाली," मामा म्हणाले, "घरगुती झाली नाही. मध्येच थांबवून चहा टाकता येतो ती तुझी मोबाइलवरची. आणि तुझ्या त्या प्रवचनकारांना, मोठ्या शहरातल्या त्या सुटाबुटातल्या माणसांना, आपल्या गल्लीतली म्हातारी आजारी आहे हे माहीत होते काय? तिच्यापाशी फोन नव्हता. तिच्या खिडकीखाली उभे राहून तुझ्या मामीने गीत म्हटले, तेव्हा ती आतून साथ देत होती."

या वादात निर्णय देण्याचे काम मजकडे कोणी सोपवलेले नाही, तरी लेखकाने अंग चोरून बसणे मला पसंत नाही. भाच्याचे पुष्कळसे म्हणणे इतिहासाला धरून आहे. मिशनच्या पैशावर उभारलेली रचना मिशनबरोबर खचणार होतीच, आणि पुरुष वडीलधाऱ्यांनी उपासनेचे नेतृत्व मुठीत धरून ठेवल्याने मंडळ्यांचे जे नुकसान झाले ते दुष्काळानेही केले नसेल. परंतु या सर्व पुराव्यातून तो जे अनुमान काढतो, की विश्वास हा प्रत्येकाच्या खाजगी मालमत्तेसारखा आपापल्या घरी सुरक्षित राहील, ते मला मान्य नाही. त्याने दिलेले प्रत्येक उदाहरण त्याच्याच विरुद्ध साक्ष देते. मुक्तिसदनाच्या बायका एकत्र राहून, एका शिस्तीत, छापखान्याच्या खिळ्यांशी झुंजत होत्या. लक्ष्मीबाईंनी पुरे केलेले काव्य एकट्याने मनात वाचण्यासाठी नव्हते, त्याच्या ओव्यांना श्रोते हवे होते. मामांचा दोष निराळा आहे. वेळेचे महत्त्व त्यांनी ओळखले. पण त्यांच्या पश्चात त्या वेळेला उभे राहून कोण वाचणार, याची तजवीज त्यांनी किंवा त्यांच्या पिढीने केलेली दिसत नाही.

महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याच्या दिवशी उघडली. त्यानंतरचा दुसरा रविवार २९ नोव्हेंबरचा, म्हणजे आगमनकाळाचा पहिला रविवार. आणि त्याच दिवशी, नागपूरला १९७० साली सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाला पन्नास वर्षे पूर्ण झाली. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली, एप्रिलमध्ये दारे पुन्हा लागली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, ती पुन्हा उघडली. यापुढे ती कधीच लागणार नाहीत असे कोणी धरून चालू नये. रोग, दुष्काळ, युद्ध किंवा शेजाऱ्यांचा रोष, कारण काहीही असेल.

म्हणून जुन्नर-आंबेगावच्या, आणि अशाच लहान लहान गावांतील, मंडळ्यांच्या वडिलांना माझी विनंती एवढीच आहे की, पाळकसाहेब गावात असतानाच महिन्यातून एक रविवार उपासना चालवण्याचे काम पाळीपाळीने मंडळीतील स्त्रियांकडे आणि पंचविशीच्या आतील मुलामुलींकडे द्यावे, आणि ज्या वृद्ध बायकांना टिळकांच्या गीतांच्या जुन्या चाली येतात, त्यांच्याजवळ या वर्षीच्या नाताळापूर्वी कोणाला तरी शिकायला बसवावे.